मारबतीपासून टीसीएलपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विदर्भातल्या गावागावांत आरोळी उठते : “इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!” मारबत म्हणजे रोगराईचा पुतळा; नागपुरात तिचा मोठा थाट असतो. तिथे काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. खेड्यात एवढं काही नसतं. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या आणि शिवेबाहेर नेऊन टाकायच्या, झालं. रोगराई बाहेरून येते आणि तिला बाहेरच हाकलायची असते, हा त्यामागचा हिशेब. मरीमाय, मातामाय यांची ठाणी गावाच्या कडेला असतात, तीही त्याच हिशेबाने.

शिवेच्या आत घराचं काम बाईकडे. पहाटे अंगणात शेणाचा सडा, फड्याने झाडझूड, सणावाराला सारवण, दसरा-दिवाळीआधी पांढऱ्या मातीने भिंती पोतणं. यातलं जंतू मारणारं काय आणि नुसतं डोळ्यांना बरं वाटणारं काय, हे वेगळं करून पाहायला हवं. चुना खरंच मारतो, कारण ओला चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. वाकळा-गोधड्या कडक उन्हात टाकण्यालाही अर्थ आहे. परटाच्या भट्टीत खार लावलेले कपडे वाफेवर निघत, ते तर आजच्या दवाखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या अगदी जवळचं. शेणाचं मात्र तसं नाही. शेण धूळ बसवतं, जमीन गुळगुळीत करतं, पण धनुर्वाताचे बीजाणू गुराच्या शेणातही सापडतात. बाळंतिणीची खोली मुद्दाम शेणाने सारवायची आणि मग नाळेतून बाळाला धनुर्वात व्हायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. गरोदरपणातली टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लसीची सुई आणि नाळ कापायचं स्वच्छ पातं घरोघर पोचल्यावर हे थांबत आलं. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताच्या नावावर लागलं ते २०१५ साली.

सरकारी निर्जंतुकीकरण लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते प्लेगात. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत नागपूर-वऱ्हाडातही पसरला. शहरांत गटारं आणि भिंती कार्बोलिक आम्लाने धुतल्या गेल्या, घरांना चुना फासला गेला. पण प्लेग उंदरावरच्या पिसवांतून येतो, हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर भिंतींवर ओतलेलं औषध बरंचसं वाया गेलं होतं. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या टाकायच्या, हा खेडुतांचा उपाय त्या कार्बोलिकपेक्षा सरस होता, असं माझं मत आहे.

झाडूला प्रतिष्ठा दिली ती गाडगेबाबांनी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली परटाच्या घरी ते जन्मले. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, रात्री कीर्तन. झाडण्याचं काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेल्या समाजात हा माणूस सर्वांसमोर रस्ते झाडत होता. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २०००-०१ मध्ये सुरू झालं. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात गांधीजींच्या शिष्या मीराबेन आणि त्यांच्या इतर सहकाऱ्यांनी तीसच्या दशकात सफाई केली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले आणि त्याच वर्षी मलेरियाने त्यांना गाठलं. रस्ते कितीही झाडले तरी डबक्यातल्या डासाला त्याचं काही वाटत नाही.

डासासाठी आली डीडीटी, म्हणजे भिंतीवर फवारायचं कीटकनाशक. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ चा, निर्मूलनाचा १९५८ चा. माणसाला चावून जड झालेला डास भिंतीवर टेकतो, म्हणून औषध भिंतीवर मारायचं. पंपवाले येत, घरातली भांडीकुंडी अंगणात निघत, भिंतींवर पांढुरका थर बसे आणि दाराशी तारखेचा शिक्का पडे. ढेकूण मरत म्हणून लोक सुरुवातीला खूश असत. पुढे ढेकणांनाच सवय झाली आणि उत्साहही ओसरला. खरी गोची वेगळीच होती. ज्या भिंतीवर तो थर दहा-बारा आठवडे टिकायला हवा, तीच भिंत बाई दिवाळीआधी पोतून काढी. मातीची भिंत औषध शोषून घेई ते वेगळंच. सरकारच्या लेखी हे अज्ञान, घरच्या बाईच्या लेखी डागाळलेली भिंत सणाला तशीच ठेवणं म्हणजे आळस. फवारणीचं वेळापत्रक आखताना सणांचं पंचांग कुणी उघडून पाहिलं असतं, तर वाद निम्मा मिटला असता. देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटींवर असलेला मलेरिया १९६५ च्या सुमारास लाखभरावर आला. मग डासही डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली.

मलेरियाचा प्रश्न भिंतीचा, तर कॉलऱ्यासारख्या रोगांचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. ग्रामपंचायतीतली टीसीएलची गोणी म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. गोणीचं तोंड उघडं राहिलं, तिला ओल लागली की तो उडून जातो आणि विहिरीत पडते ती जवळजवळ चुन्याची भुकटी. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासणं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. तासाभराने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम उरायला हवा. “पाण्याला दवाईचा वास येते” म्हणून लोक ते पाणी टाळतात, जुन्या विहिरीकडे वळतात. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीत नळाचं पाणी बंद असताना उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला. माणसं गेली. तिथे लादी फिनेलने पुसून काही फरक पडला नसता.

कोरोनात सगळा भर पुन्हा फवाऱ्यावर आला. कपाशीवर चालणारे पंप आणि संत्र्याच्या बागेतले ट्रॅक्टरचे ब्लोअर हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं क्लोरीनयुक्त द्रावण घेऊन गल्लीबोळांत फिरले. (याच पंपांनी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले होते. तेव्हाही तोंडाला बहुतेकांच्या नुसता रुमाल होता.) माणसांच्या अंगावर फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं. रस्त्यांवर फवारण्यात अर्थ नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात. घरासाठी सूचना साधी होती : आधी साबणाने मळ काढा, मग वारंवार हात लागणाऱ्या जागा, म्हणजे कडी, नळ, बटणं, १ टक्का हायपोने पुसा आणि लगेच कोरडं करू नका. मळ तसाच असेल तर क्लोरीन मळावरच खर्च होतो. पाणी घालून पातळ केलेला हायपो रोजच्या रोज नवा करावा लागतो. बऱ्याच घरांत मात्र एकदा बनवलेली बाटली न्हाणीच्या कोनाड्यात महिनाभर चालली, कारण तिला अजून वास येत होता.