‘सवय होईल’ म्हणजे नेमकं काय होतं?

माझ्या भाच्याने औंधच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि जूनमध्ये तो भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राच्या दणक्याने पत्र्याचे भाग बनवतात तिथे, ॲप्रेंटिस म्हणून लागला. पहिल्या आठवड्यापासून बहिणीची तक्रार सुरू झाली, टीव्ही केवढ्याने लावतो हा! एका संध्याकाळी मी दिघीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा रिमोट त्याच्याच हातात होता. पडद्यावर आवाजाचा आकडा दिसला, २३. सकाळी कामावर जायच्या आधी हाच मुलगा हाच टीव्ही १४ वर बघत होता म्हणे. “मामा, कानात सूंऽऽ असा आवाज येतो संध्याकाळी. पण सुपरवायझर म्हणाले, दोन आठवड्यांत सवय होईल.”

सुपरवायझर खोटं बोलत नव्हते. दोन आठवड्यांत तो सूंऽऽ लक्षातही येईनासा होतो. कंपनीत नव्या पोरांना हे वाक्य उठताबसता ऐकवलं जातं. आवाजाची सवय होईल, वासाची होईल, हाताला सवय झाली की स्पीड येईल. मी स्वतः अठरा वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, आणि खरं सांगायचं तर हे वाक्य मीही चार जणांना ऐकवलं आहे. त्या ‘सवयी’त शरीराचं काय होतं ते नंतर वाचलं.

आधी कान. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाज आला की द्रव हलतो, या पेशींच्या टोकांवरचे अतिसूक्ष्म केस वाकतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे जातो. दिवसभर प्रेसचे दणके बसले की या पेशी वादळी पावसाने झोडपलेल्या ज्वारीसारख्या होतात. रात्रभर शांतता मिळाली तर बऱ्याचशा पुन्हा उभ्या राहतात, म्हणून सकाळी टीव्ही १४ वर. पण रोजच झोडपलं तर काही आडव्या पडतात त्या पडतातच. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, आपल्या नाही. म्हणजे गोंगाट टोचेनासा झाला, तर तो टोचून घेणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असू शकतात.

डेसिबलचं गणित मात्र शिकून घ्यावं, कारण ते आपल्या रोजच्या बेरजेसारखं चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात असं धरलं, तर ८८ मध्ये चारच तास, ९१ मध्ये दोन, ९४ मध्ये एक आणि १०० मध्ये फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा असे, ती या हिशेबाने सैलच. मीटर हाताशी नसेल तर सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात. प्रेस शॉपमध्ये तर लोक खुणांनीच बोलतात.

आणि बहिरेपण येतं ते सगळे आवाज सारखे बारीक होऊन येत नाही. आधी जातात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच आवाज. मराठीत याचा अर्थ स, श, च, ट ही व्यंजनं पुसट होतात, स्वर शाबूत राहतात. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. त्यामुळे माणूस म्हणतो, मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता. माझ्या बरोबरीचे दोन जण आज फोनवर नीट बोलू शकत नाहीत, पण आपण बहिरे आहोत हे दोघांनाही मान्य नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. हातोडीने ठोकून भांड्यावर एकसारख्या खळ्या उमटवतात, आणि आळीत शिरण्याआधीच ते ऐकू येतं. तीनशे वर्षांपूर्वी, पेशवाईच्या सुरुवातीच्या काळात, इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने व्हेनिसच्या तांबट वस्तीबद्दल लिहून ठेवलं की दिवसभराच्या ठोकाठोकीने यांचे कान निकामी होतात आणि म्हातारपणी हे ठार बहिरे होतात. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली, तुझा धंदा काय? आपल्याकडचे किती डॉक्टर अजून हा प्रश्न विचारतात, ते आपापल्या अनुभवावरून ठरवा.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक पुणेरी भानगड होती. तो ढोल-ताशा पथकात आहे. जुलैपासून नदीपात्रात सराव, तोही संध्याकाळी शिफ्ट करून आल्यावर. कानाला दिवसाचा एकच हिशेब कळतो. त्यात कंपनीचं खातं वेगळं आणि बाप्पाचं वेगळं असं काही नसतं. ज्या संध्याकाळच्या शांततेत पेशी सावरायच्या, त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे ताशा. कानात कापसाचा बोळा घालतो, म्हणाला. कापसाने फार तर मनाचं समाधान होतं.

फोमचा इअर प्लग चालतो, पण नुसता टेकवून नाही. बोटांत वळून त्याची बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. आणि मग काढायचा नाही. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेला प्लग आठ तासांतली ४८ मिनिटं जरी काढून ठेवला, तरी दिवसाचं संरक्षण जेमतेम १० डेसिबलवर येतं. गणित सरळ आहे, त्या एक दशांश वेळात कानावर पूर्ण मारा होतो आणि बाकीच्या वेळातलं त्यापुढे किरकोळ ठरतं.

डोळ्याचं थोडक्यात सांगतो. वेल्डिंगच्या आर्कमधून निघणारे अतिनील किरण त्या क्षणी दुखत नाहीत. टाका मारताना उघड्या डोळ्याने बघितलं तरी काही झालं असं वाटत नाही. सहा ते बारा तासांनी, बरोबर झोपेच्या वेळी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. मग घरात बटाट्याच्या चकत्या निघतात. बटाट्याने गार वाटतं एवढंच. बुबुळाच्या पुढच्या पडद्याचा जळालेला थर एक-दोन दिवसांत आपला आपण भरून येतो, आणि बटाट्याचं नाव होतं. यातला खरा वाईट भाग हा की दुपारच्या चुकीचं दुखणं रात्री आलं, तर पोराला दोन्हींचा संबंध लागत नाही.

वाघोलीच्या दगडखाणींची पांढरी धूळ लांबून दिसते. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेतही, तशीच धूळ असते. जी दिसते ती बहुतेक नाकातच अडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा सिलिकाचा कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतो, म्हणून ‘आज धूळ कमी आहे’ हे डोळ्याने ठरवता येत नाही.

नाकाबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे, कारण इथे सवय लागायला दोन आठवडे नाही, दोन-चार मिनिटं पुरतात. सांडपाण्याच्या टाकीत, सेप्टिक टँकमध्ये, कंपनीच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतं, इतकं नाक तरबेज. पण प्रमाण दहा लाखांत शंभरच्या पुढे गेलं की वास टिपणाऱ्या नसाच बधिर होतात. वरून डोकावणाऱ्याला वाटतं, मघाशी वास होता, आता गेला, म्हणजे हवा मोकळी झाली. वायू हवेपेक्षा जड, खाली बसून राहिलेला. दहा लाखांत पाचशे ते हजार भाग झाले की काही मिनिटांत माणूस कोसळतो.

दुसरा प्रकार तर वासाविनाच येतो. टिग वेल्डिंगला आर्गॉन वापरतात, टाक्या-पाइपलाइन कोरड्या ठेवायला नायट्रोजन भरतात. दोन्हींना वास नाही, दोन्ही विषारीही नाहीत. नुसती ऑक्सिजनची जागा घेतात. आपल्याला वाटतं की प्राणवायू कमी पडला तर जीव घुसमटेल आणि आपण बाहेर पळू. पण पाण्याखाली श्वास धरल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. शरीराचा मीटर त्यावर लावलेला आहे. नायट्रोजनमध्ये माणूस श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, मीटर हलत नाही, आणि एक-दोन श्वासांत शुद्ध जाऊ शकते. घाबरायलाही वेळ नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आला की त्या जागेत उतरायचं नाही.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपली जुनी रीत शहाणपणाची होती, पण ती अपुरी. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, म्हणजे त्याआधीचा इशारा मिळत नाही. हायड्रोजन सल्फाइड असला तरी ज्योत जळतच राहते. मिथेन असेल तर कंदिलाचाच स्फोट. आज हातात मावणारा चार वायू मोजणारा मीटर मिळतो. तो दोरीने आधी खाली सोडायचा, माणूस नंतर, तोही कमरेला पट्टा आणि वर दोरी धरणारा असेल तरच. आत पडलेल्याला काढायला धावत उतरणारा दुसरा आणि तिसराही तिथेच राहतो, ही बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच.

आता हात. नव्या पोराला हातमोजे म्हणजे सुरक्षा असं वाटतं, आणि बेंच ड्रिलवर तो मोजे घालून उभा राहतो. २० मिलिमीटरचं ड्रिल मिनिटाला ६०० फेरे घेतंय असं धरू, म्हणजे सेकंदाला दहा. ड्रिलचा घेर साधारण ६३ मिलिमीटर. मोज्याचा एक धागा अडकला आणि ‘अरे!’ म्हणून हात मागे घ्यायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद गेला, तर तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटर कापड गुंडाळून झालेलं असतं. बोटं त्याच्या आतच आहेत. म्हणून फिरत्या यंत्रावर मोजा नाही, मनगटात लाल धागा नाही, मोकळी बाही नाही. पत्रा उचलताना मोजा हवाच. नियम यंत्राप्रमाणे बदलतो, आणि हे पोस्टरवर क्वचितच लिहिलेलं असतं.

प्रेसवर तर सवयच अडचणीत आणते. मिनिटाला दहा तुकडे धरले तरी एका शिफ्टमध्ये हात साडेचार हजार वेळा डायकडे, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याकडे, जातो. असं वारंवार केलेलं काम मेंदू आपल्या आतल्या भागांकडे, बेसल गँग्लियाकडे, सोपवून देतो. गाडी चालवत घरी पोचल्यावर रस्ता आठवू नये तसं. एखादा तुकडा डायमध्ये तिरका बसतो, तो सरळ करायला एक हात जातो, आणि दुसऱ्या हाताने किंवा पायाने ठेक्यात प्रेस चालवलेला असतो. यासाठीच दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असतील तेव्हाच स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा दणका, पडतो. तीही अंतराने बसवतात. हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने जातो असं मानक धरतं, म्हणून प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असेल तर बटण डायपासून किमान ३२ सेंटिमीटर लांब हवं. एक बटण तारेने बांधून ठेवलेला प्रेस दिसला, तर तिथे हा हिशेब मोडलेला आहे. त्यावर बसू नका. ‘काल बसलेला काही बोलला नाही’ हे कारण धरू नका.

हे बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. ॲप्रेंटिसची हिंमत होत नाही, ते मला माहीत आहे. पण भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगाराला आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क मिळाला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. वाद घालण्यापेक्षा विचारणं सोपं पडतं. “सर, हे दुसरं बटण बंद आहे का? मेंटेनन्सला सांगू का?” एवढं पुरतं बऱ्याचदा. जॉइन होतानाच्या मेडिकलमध्ये कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, झाली असेल तर त्या कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. झाली नसेल तर ती मागा. पुढे दहा वर्षांनी कान गेले असं म्हणायचं, तर आधी ते होते याचा कागद लागतो.

भाच्याला मी मूठभर प्लग दिले, घालून दाखवले आणि एक काम सांगितलं. रोज संध्याकाळी टीव्ही लावल्यावर सुखाने ऐकू येईल असा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, पथकाच्या सरावाच्या दिवशी खाली एक रेघ. परवा जाऊन पाहिलं. पहिल्या आठवड्यात २२, २३, २१. मग १७, १६. रेघांच्या दिवशी १९. बहिणीने त्याच चौकोनांत खाली ‘अर्धा लिटर जास्त’ असं लिहून ठेवलं होतं. तिला वाटलं, पोरगा दुधाचा हिशेब ठेवायला लागला.