तोल, चाल आणि आकडे: न्यूरो फिजिओथेरपीतल्या मोजमापांची पार्श्वभूमी

लकव्याच्या पेशंटच्या केसपेपरवर आजही सर्रास ‘पॉवर 3/5’ असा शेरा दिसतो. स्नायूंच्या ताकदीचा शून्य ते पाचचा हा हिशेब 1943 सालचा. दुसऱ्या महायुद्धात हातापायांच्या नसांना इजा झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने तो रूढ केला. त्याची मुळं आणखी मागे, पोलिओत सापडतात. बोस्टनचे ऑर्थोपेडिक सर्जन रॉबर्ट लव्हेट यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी 1912 मध्ये स्नायूंची ताकद तपासायची पद्धत मांडली होती. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात किंवा पाय उचलता येतो का, हा तिचा पाया. पोलिओत काय किंवा तुटलेल्या नसेत काय, ठरावीक स्नायू दुबळे होतात आणि शेजारचे धड राहतात. त्यामुळे एकेक स्नायू तपासण्यात अर्थ असतो. स्ट्रोकमध्ये प्रकार वेगळा. हात उचला म्हटलं की खांदा वर चढतो, कोपर दुमडतं, बोटं मिटतात, सगळं एकदमच. अशा हाताच्या बायसेप्सला सुटे तीन गुण देऊन फार काही हाती लागत नाही.

न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या आजाराच्या पेशंटसाठी कोणतं आउटकम मेजर, म्हणजे सुधारणा दाखवणारं मोजमाप निवडायचं, या आजच्या चर्चेची मुळं इथे आहेत. वापरातलं जवळजवळ प्रत्येक मोजमाप कुणाच्या तरी नेमक्या अडचणीतून तयार झालं. पुढे ते इतकं पसरलं की मूळ अडचण कोणती होती, हे वापरणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

ॲशवर्थ स्केल हे त्याचं ठळक उदाहरण. 1964 मध्ये ब्रायन ॲशवर्थ मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण बिघडवणाऱ्या आजाराच्या) पेशंटवर कॅरिसोप्रोडॉल हे औषध तपासत होते. ताठरपणा कमी झाला की नाही हे नोंदवायला त्यांनी शून्य ते चार अशा पायऱ्या केल्या. ताठरपणावरचा उपचार म्हणून ते औषध काही टिकलं नाही, पायऱ्या मात्र टिकल्या. 1987 मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी त्यात ‘1+’ अशी एक पायरी घुसवली, आणि तेच सुधारित रूप आज जगभर चालतं. हा आकडा पेशंट आडवा पडलेला असताना, दुसऱ्याने त्याचा हात किंवा पाय हलवून काढलेला असतो. चालताना तोच पाय कसा वागेल, याचा अंदाज त्यावरून बांधणं धाडसाचं आहे. तरी तो बांधला जातोच.

स्ट्रोकच्या हालचालीला तिच्याच नियमांनी मोजायचं काम स्वीडनमध्ये झालं. स्ट्रोकनंतर हालचाल कशी परतते याची ट्विचेल यांची 1951 ची निरीक्षणं आणि फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी मांडलेले सुधारणेचे टप्पे घेऊन गोथेनबर्गच्या ॲक्सेल फुगल-मेयर यांनी आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये आपलं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. हालचालीचे गुण 100: हाताला 66, पायाला 34. संशोधनात त्याचा दबदबा आजही आहे. ओपीडीत रांग लागलेली असताना मात्र ते पूर्ण करणं कठीण.

दुसरा प्रवाह याच्याशी समांतर वाहत होता. त्याचा सवाल सरळ होता: पेशंट घरी गेल्यावर स्वतःचं स्वतः किती करणार? बाल्टिमोरमध्ये फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल आणि डॉ. फ्लॉरेन्स महोनी यांनी जेवण, अंघोळ, कपडे, जिने, लघवी-शौचावरचा ताबा अशा दहा गोष्टींना गुण दिले. 1965 मध्ये छापून आलेला बार्थेल इंडेक्स तो हाच. पुढे 1980 च्या दशकात अमेरिकेत एफआयएम (फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर) हे स्वावलंबनाचं मोजमाप आलं: अठरा बाबी, प्रत्येकी एक ते सात गुण. 2002 पासून तिथल्या पुनर्वसन रुग्णालयांचे मेडिकेअरचे (सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे ठरवताना या नोंदी धरल्या जाऊ लागल्या. 2019 च्या ऑक्टोबरपासून सरकारने एफआयएम बाजूला सारून आपल्या नव्या नोंदी आणल्या. बिलाशी जोडलेलं मोजमाप सोयीसाठी निवडलं जात नाही, आणि सोडलंही जात नाही.

हा सगळा पसारा एका चौकटीत बसवायचं काम जागतिक आरोग्य संघटनेने केलं, आधी 1980 मध्ये आणि मग 2001 च्या आयसीएफ या कार्यक्षमता आणि अपंगत्वाच्या वर्गीकरणात. शरीराचं कार्य वेगळं, कृती वेगळी, लोकांत मिसळणं वेगळं. गुडघ्याचा ताठरपणा पहिल्या खणात, जिना चढणं दुसऱ्या, आणि लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन यायची हिंमत तिसऱ्या. पहिल्या खणात सुधारणा झाली म्हणून तिसऱ्यात होईलच असं नाही, हे फिजिओंना ठाऊक होतंच. आता ते कागदावर मांडता येऊ लागलं.

आज रोजच्या वापरात असलेल्या बऱ्याच चाचण्या साधारण 1985 ते 2005 या वीस वर्षांतल्या. मॉन्ट्रियलच्या कॅथरीन बर्ग यांचं बॅलन्स स्केल 1989 चं, आणि ते मूळ वृद्धांसाठी. चौदा कामं, प्रत्येकी चारपर्यंत गुण, एकूण 56. जवळून पाहिलं तर त्याची गंमत कळते. उभ्या उभ्या स्वतःभोवती पूर्ण फेरी घ्यायची, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक फेरी चार सेकंदांच्या आत झाली तरच पूर्ण गुण. स्टुलावर आळीपाळीने पाय ठेवायचे, वीस सेकंदांत आठ वेळा. हात पुढे करून 25 सेंटिमीटर वाकायचं. मात्र चौदापैकी एकाही कामात चालणं नाही! म्हणून बरा चालणारा पेशंट 55-56 वर जाऊन अडकतो आणि पुढची सुधारणा आकड्यात उतरतच नाही. ही उणीव फंक्शनल गेट असेसमेंट या चालीच्या चाचणीने भरली. 2004 मध्ये डायान रिस्ली आणि सहकाऱ्यांनी व्हेस्टिब्युलर, म्हणजे कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडलेल्या पेशंटसाठी ते बेतलं. त्यात डोळे मिटून चालायचं, मागे चालायचं, पावलाला पाऊल जोडून चालायचं.

सहा मिनिटांच्या चालण्याची वंशावळ तर फुप्फुसांतून येते. अमेरिकी हवाई दलातले केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये बारा मिनिटं धावण्याची चाचणी मांडली. 1970 च्या दशकात ब्रिटिश डॉक्टरांनी जुनाट ब्राँकायटिसच्या पेशंटसाठी तिचं बारा मिनिटं चालणं केलं, आणि 1982 मध्ये सहा मिनिटंही पुरतात असं दाखवलं. 2002 च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या नियमांनुसार तिला 30 मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो. एवढा मोकळा कॉरिडॉर आपल्याकडच्या किती दवाखान्यांत सापडेल? जागा आखूड असली की वळणं वाढतात, आणि स्ट्रोक किंवा पार्किन्सन्सचा पेशंट वळणावरच रेंगाळतो. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीसाठी कॉरिडॉर एकच ठेवणं एवढं तरी हातात असतं.

याच काळात संख्याशास्त्राने आणखी एक मेख मारली. गुण वाढले ते पेशंट सुधारला म्हणून, की मोजण्यातच तेवढा फरक पडतो म्हणून? 2009 मध्ये डोनोह्यू आणि स्टोक्स यांनी वृद्धांवर केलेल्या अभ्यासात बर्गचा आरंभीचा स्कोर 25 ते 34 असेल, तर सात गुणांचा फरक पडल्याशिवाय खरा बदल धरता येत नाही, असं निघालं. दोन-तीन गुण वाढल्यावर नातेवाइकांना दिलेली खूशखबर त्यामुळे जरा अवघडच.

इतकं सगळं हाताशी असून ते वापरत किती जण होते? 2009 मध्येच अमेरिकन फिजिकल थेरपिस्टांच्या एका सर्वेक्षणात निम्म्याहून कमी लोकांनी प्रमाणित मोजमापं वापरत असल्याचं सांगितलं. वेळ लागतो, ही मुख्य तक्रार. मग तिथल्या संघटनेच्या न्यूरॉलॉजी विभागाने आजारवार गट बसवले. स्ट्रोकच्या गटाने पन्नासहून अधिक साधनं तपासून त्यांना क्रम दिला. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जारज्जूची इजा, मेंदूची इजा, पार्किन्सन्स यांच्याही याद्या आल्या. काम मोठं होतं, पण सकाळी स्ट्रोक आणि दुपारी पार्किन्सन्स पाहणाऱ्या फिजिओच्या हातात एकाऐवजी पाच याद्या पडल्या.

त्यावरचा उतारा 2018 मध्ये आला. जेनिफर मूर आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेने निदान कोणतंही असो, प्रौढ न्यूरो पेशंटसाठी सहाच चाचण्या सुचवल्या: बर्ग, फंक्शनल गेट असेसमेंट, तोलाच्या आत्मविश्वासाची एबीसी प्रश्नावली, दहा मीटर चालणं, सहा मिनिटं चालणं आणि पाच वेळा खुर्चीतून उठणं-बसणं. माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची सूचना यादीबाहेरची आहे. चाचणी जमली नाही तर रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. पहिल्या दिवशी जो चालूच शकत नव्हता त्याची प्रगती एरवी नोंदीतून गायबच होते.

आपल्याकडे ही यादी जशीच्या तशी उचलताना एबीसीपाशी अडतं. 1995 साली कॅनडात तयार झालेल्या या सोळा प्रश्नांपैकी शेवटचा बर्फाळ फुटपाथवर चालण्याबद्दल आहे. हातात सामान असताना कठडा न धरता सरकत्या जिन्यावर चढण्याबद्दलही एक आहे. सांगोल्याच्या आजींना बर्फाचं काय विचारणार? त्याजागी शेवाळलेलं अंगण किंवा ओली मोरी घालता येते, पण मग ती नवी प्रश्नावली झाली आणि तिची विश्वासार्हता नव्याने तपासावी लागते. आणि जमिनीवर मांडी घालून बसून उठणं, भारतीय पद्धतीच्या संडासावर बसणं हे त्या सहांपैकी कशातच नाही. हातही नाही. वरण-भात कालवून खाता येतो का, हे विचारायला आजही फुगल-मेयरसारखं दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि फुगल-मेयरही घास तोंडापर्यंत पोचला का हे सांगत नाही.