अंड्यावरचा पहिला आकडा

जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये दुकानातून आणलेलं अंडं हातात घेतलं, की कवचावर शाईचा शिक्का दिसतो. आधी एक आकडा, मग देशाची दोन अक्षरं, मग पोल्ट्रीचा क्रमांक. पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय पद्धत, १ म्हणजे बाहेर फिरायला जागा असलेली कोंबडी, २ म्हणजे शेडमध्येच पण पिंजऱ्याविना आणि ३ म्हणजे पिंजरा. २००४ पासून युरोपीय संघात ही माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

पिंजऱ्यातल्या कोंबडीला नेमकं काय कमी पडतं? दाणा, पाणी, औषध सगळं मिळतंच की, असं पोल्ट्रीवाले म्हणतात आणि ते खोटं नाही. पण अंडं घालायच्या आधी कोंबडी आडोसा शोधते. ही प्रेरणा हार्मोन्समधून येते, अंडाशयातून बीज सुटतानाच तिची सुरुवात झालेली असते. खुराड्यात, डालग्यात किंवा पिंजऱ्यात, कोंबडी कुठेही असली तरी ती होतेच. शास्त्रज्ञांनी घरट्याच्या वाटेवर जड दारं आणि अरुंद फटी ठेवून कोंबड्या किती जोर लावतात ते मोजलं. काही तास उपाशी असलेली कोंबडी दाण्यासाठी जेवढी धडपडते, तेवढीच किंवा त्याहून जास्त धडपड अंडं घालायची वेळ आलेली कोंबडी घरट्यासाठी करते. घरटं नसेल तर ती अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत राहते.

धुळीत लोळणंही तसंच. त्याने पिसांमधलं जादा तेल निघतं. तारेच्या जाळीवर उभ्या असलेल्या कोंबडीला धूळ कुठून मिळणार? तरी ती खाली बसते, पंख फडफडवते, अंग घासते, नसलेली माती अंगावर उडवते. हे पाहिल्यावर ‘तिला काय कळतंय’ असं म्हणणं मला तरी जमत नाही.

हाडांची गोष्ट वेगळीच. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं काही हाडांतून निघतं. त्यात हालचालच नसेल तर हाडं ठिसूळ होतात.

युरोपातल्या जुन्या पिंजऱ्यांत एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर जागा मिळे. झेरॉक्सचा ए-फोर कागद याहून मोठा असतो. २०१२ पासून तिथे असे पिंजरे बंद झाले. आता पिंजरा ठेवायचा तर किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा, घरटं आणि बसायला दांडी द्यावी लागते.

पण हे सगळं अंड्यात दिसत नाही. चाखून, फोडून, उकडून कशानेही पिंजरा ओळखता येत नाही. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवलं. कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च जास्त, आणि भाव मात्र सरसकट एकच. म्हणून मला लेबलाचा कायदा जितका कोंबडीसाठी हवासा वाटतो, तितकाच त्या शेतकऱ्यासाठीही.

शिक्क्याने फरक पडला. जर्मनीतल्या बहुतेक सुपरमार्केटांत आज ३ आकड्याचं अंडं सहसा दिसत नाही. मात्र केक, बिस्किटं, नूडल्स यांत गेलेल्या अंड्यांना हा नियम लागू नाही, आणि पिंजऱ्यातल्या अंड्यांना तिथे वाट मोकळी राहिली. लेबल सुटतं तिथे गिऱ्हाईकाचा हातही सुटतो. शिवाय शिक्का खरा ठेवणं सोपं नाही. २०२२ मध्ये बर्ड फ्लूमुळे ब्रिटनमधल्या कोंबड्या १६ आठवड्यांहून जास्त काळ आत कोंडाव्या लागल्या, तेव्हा त्यांच्या अंड्यांवरून ‘मोकळ्या कोंबडीचं’ ही ओळख तात्पुरती काढावी लागली. शेतकऱ्यांना ते जड गेलं, पण शब्दाला अर्थ ठेवायचा तर हे करावंच लागतं.

आपल्याकडे बहुतेक अंडी पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांचीच असतात, आणि तसं कुठेही लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रात ‘गावरान’ म्हटलं की लोक चार पैसे जास्त मोजतात आणि खूण म्हणून कवचाचा तपकिरी रंग पाहतात. पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडं देणारी कोंबडी पिंजऱ्यातही असू शकते. म्हणजे पैसे द्यायची तयारी आहे, खात्री देणारं कोणी नाही.

शाकाहारी-मांसाहारी कळावं म्हणून पाकिटावर हिरवी खूण हवी, हे आपण कायद्यात आणलंच आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९व्या अहवालात अंड्यांच्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदा दिला आणि पिंजऱ्याविना चालणाऱ्या पोल्ट्रींना पशुसंवर्धन खात्याने वेगळं प्रमाणपत्र द्यावं असं सुचवलं. त्या प्रमाणपत्राला ट्रेवर आणि पाकिटावर छापलेल्या एका आकड्याची जोड द्यावी, आणि ती माहिती बेकरीच्या मालापर्यंत पोहोचवावी, एवढीच माझी मागणी आहे.