व्हर्च्युअल मशीन बसवणं आणि हलवणं : आमच्या ग्राहकांसाठी

एकाच सर्व्हरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर, बिलिंग आणि वजनकाट्याचा जुना प्रोग्रॅम वेगवेगळे चालवायचे, तर आम्ही व्हर्च्युअल मशीन बसवून देतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, तरी काही प्रोग्रॅम त्याच्याशिवाय चालत नाहीत. तो विंडोज अशा मशीनमध्ये ठेवायचा आणि त्याचं इंटरनेट तोडायचं, हे आमचं ठाम मत.

बसवताना एक गोष्ट आधीच ठरवा : फाइली कुठे राहणार? काही न सांगता बसवलं तर व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्ही ही अशी मशीन चालवणारी सॉफ्टवेअरं दोन्ही सी ड्राइव्हच धरतात. मशीनची डिस्क म्हणजे एक मोठी फाइलच. ती 'डायनॅमिक' असेल तर सुरुवातीला छोटी दिसते, मग फुगत जाते. ड्राइव्ह भरला की मशीन चालता चालता थांबतं, तेही नेमकं गर्दीच्या वेळी.

जागा बदलताना

मशीन म्हणजे शेवटी काही फाइली, त्यामुळे ते हलवता येतं. पण कट-पेस्ट करू नका. हायपर-व्हीमध्ये हातानं नेलेल्या डिस्कवर मशीनची परवानगी राहत नाही आणि ते सुरूच होत नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, असतील तर डिस्क एक नसते, फाइलींची साखळी असते. मधली एक फाइल मागे राहिली तरी सगळं अडतं. म्हणून आधी नको असलेले स्नॅपशॉट त्या सॉफ्टवेअरमधूनच काढा, मग त्याचाच 'मूव्ह' पर्याय वापरा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन पूर्ण बंद हवं. हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स (असंच आणखी एक सॉफ्टवेअर) यांच्यात चालू मशीनची डिस्कही हलते. प्रॉक्समॉक्समध्ये हलवताना जुनी डिस्क पुसण्याच्या पर्यायावर मात्र लगेच खूण करू नका. नव्या जागेवर दोन-चार दिवस बिलं निघू द्या, मग पुसा.

बाहेरच्या ड्राइव्हवर नेताना फॉरमॅट बघा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस करून घ्या, पण फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं जातं हे लक्षात ठेवा.

वेळेचा अंदाज : गिगाबिट नेटवर्कवर २०० जीबीला साधारण अर्धा तास. वाटेत जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर तेच काम साडेचार-पाच तासांवर जातं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलं, तेव्हा सर्व्हर कसा उचलायचा हा प्रश्न होता. तळमजल्यावर दुकान असेल तर मशीनची एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा विश्रामबागेसारख्या उंच भागात ठेवा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की तीच प्रत ताजी करायची. त्या वेळी वीज जाते, म्हणून पाणी रस्त्यावर येईपर्यंत थांबू नका.

हलवल्यानंतर प्रिंटर, डाँगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) आणि सॉफ्टवेअरचं लायसन तपासा. आणि एक विनंती, महिन्याच्या २० तारखेच्या आसपास हे काम काढू नका. जीएसटीचं रिटर्न अडकलं तर आमच्याइतकाच तुमचा सीएही वैतागतो.