जर्मेनियम फझ वापरणाऱ्यांसाठी: कुरिअर करायच्या आधी हे वाचा

आमचा निळ्या डब्यातला जर्मेनियम फझ, म्हणजे जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर गिटारचा आवाज फाटका-भरदार करणारं पेडल, बनवणं बंद करून दोन वर्षं झाली, तरी फोन यायलेतच, एकतर "दादा एखादा शिल्लक आहे का" नाहीतर "दादा पेडल बंद पडलं".

शिल्लक नाही. त्यातले एसी १२८ ट्रान्झिस्टर मोठ्या कारखान्यांनी बनवणं केव्हाच सोडलं, जुना साठा मिळतो तेवढाच, त्यातून पहिला नग गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) ७०-८० चा, दुसरा १२० च्या आसपास, वर दोन्हीचं लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) कमी, अशी जोडी जुळेपर्यंत ढीगभर नग बाजूला पडायचे. न मोजता कुठलेही दोन टाकून जुन्या नावावर विकणं आम्हाला पटत नाही.

आता "बंद पडलं" चं. गणपतीत नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या पोरानं कुरिअर केला, म्हणाला फझ जोडला की ट्यूनरसकट सगळंच मरतंय. मी मागचे चार स्क्रू काढले, बॅटरी लावली, तार छेडली तर पठ्ठ्या गरजला! पेडल ठणठणीत, पण जाण्यायेण्यात त्याचे दोन कार्यक्रम फझविना गेले. चूक एकच, एका अ‍ॅडॉप्टरवरून चेन (एकीला अनेक पिना असलेली वायर) काढून सगळी पेडलं त्याच्यावर. एसी १२८ पीएनपी जातीचा आहे, त्याला सप्लाय उलटा लागतो, म्हणून या फझचं ग्राउंड (सर्किटची सामाईक तार) प्लसला, आणि तुमच्या बाकीच्या पेडलांचं मायनसला. गिटारच्या केबलची जाळी ही दोन्ही ग्राउंडं एकत्र जोडते, म्हणजे एकाच अ‍ॅडॉप्टरचे प्लस-मायनस सरळ शॉर्ट. मग अ‍ॅडॉप्टर गप बसतो नाहीतर जळतो, आणि बोल फझला.

मग तुम्ही उलटं का नाही बनवलं असं विचारतेत. बनवून बघितलं होतं, मायनस ग्राउंड केलं की काही नग शिट्टी मारायचे, काही पुटपुटायचे. १९६६ च्या फझ फेस या जुन्या नावाजलेल्या पेडलातही प्लस ग्राउंडचीच पद्धत होती आणि आवाज तिच्यातच स्वच्छ राहतो, म्हणून आम्ही ती सोडली नाही.

तर याला साधी ९ व्होल्टची बॅटरीच लावा. एक मिलीअँपिअरच्या आसपासच करंट खातो, महिनोन् महिने चालते, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, कारण तो जॅकच स्विच आहे, केबल राहिली की बॅटरी उतरली. अ‍ॅडॉप्टरच पाहिजे तर याच्यापुरता वेगळा, ९ व्होल्टचा, पिनेच्या आत मायनस असलेला. वायफाय राउटरचा लावू नका, तो बहुतेक १२ व्होल्टचा आणि आत प्लस असतो, त्यानं मात्र खरंच ट्रान्झिस्टर जातेत.

अजून एक, एप्रिल-मेमधी परभणीत ४२-४३ अंशात आवाज तुटक यायला लागला तर तो बिघाड नाही. उष्णतेनं जर्मेनियमचं लीकेज वाढतं आणि बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवलेलं व्होल्टेज) सरकतो. सावलीत ठेवा, बाजूचा छोटा नॉब हळूहळू फिरवा, आवाज भरून येतो.

चेनवरच चालवायचंय, उन्हातल्या मंडपात वाजवायचंय, त्यांनी आमचा बीसी १०८ वाला सिलिकॉन फझ एकदा वाजवून बघा. मायनस ग्राउंड आहे, गरमीचं त्याला फारसं काही नाही, आवाज थोडा धारदार आहे हे आधीच सांगतो. दुकानात ऐकून बघायला दोन्ही फझ लावून ठेवलेत.

जुन्या फझची दुरुस्ती चालूच आहे, तपासणीचे पैसे घेत नाही, पार्ट लागला तर त्याचेच. पण पाठवायच्या आधी नवी बॅटरी टाका, गिटार, फझ, अँप एवढंच जोडा, मधी दुसरं काही नको. वाजला तर पाठवू नका.