एचपीव्ही : व्हेरोना ते बार्शी

एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, हा शरीरसंबंधातून पसरणारा जगातला सर्वांत सामान्य संसर्ग. बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातो. झाला होता हे कळतही नाही. ज्या थोड्या बायकांमध्ये तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो, त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.

1842 मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ख्रिस्ती जोगिणी या कॅन्सरने क्वचितच गेलेल्या दिसल्या. पुढे बोट मात्र बायकांच्या चारित्र्याकडेच जात राहिलं, आणि तो अन्याय आजही पुरता संपलेला नाही. खरा विषाणू जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने 1983 मध्ये शोधला : प्रकार 16, लगोलग 18. असे सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. 2006 मध्ये लस आली.

पण तपासणीने जीव वाचतात का, याचं ठोस उत्तर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांनी दिलं. टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना अभ्यासात घेतलं. नर्सताई गर्भाशयमुखावरून ब्रशने पेशी घ्यायच्या, बस्स. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले : एचपीव्ही चाचणीच्या गटात 34 मृत्यू, चाचणी न झालेल्या गटात 64. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल टीका झाली, आणि ती रास्त होती. त्या 64 जणींना वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

त्याच सुमारास बार्शीसह देशात नऊ ठिकाणी मुलींना लसीचे दोन की तीन डोस हवेत, हे तपासलं जात होतं. आंध्र-गुजरातमधल्या वेगळ्या लसप्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं आणि 2010 मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, पण संमती घेण्यातले घोळ खरे निघाले. लसीकरण असं मधेच थांबल्यामुळे नऊ ठिकाणच्या त्या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. पुढची अनेक वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा एका डोसनेही 16 आणि 18 पासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळाल्याचं आढळलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयाच्या मुलींसाठी एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुलीही आहेत.