खारे वारे उशिरा आले की...

मुंबईतल्या गाड्या जुलैत जेवढं पेट्रोल-डिझेल जाळतात, साधारण तेवढंच जानेवारीतही जाळतात. चेंबूर-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने काही चातुर्मास पाळत नाहीत. तरी जुलैत पाऊस जरा उघडला की लांबच्या टेकडीवरची झाडं मोजता येतील इतकी हवा स्वच्छ असते, आणि जानेवारीत सकाळी आठ वाजता सागरी सेतूचं दुसरं टोक धुरक्यात हरवलेलं असतं. पावसात बांधकामाची धूळ बसते, हे खरं. पण एवढा फरक एकट्या धुळीमुळे पडत नाही. धूर आपण सोडतो. तो आपल्या नाकासमोर किती वेळ रेंगाळणार, हे हवामान ठरवतं.

हवामान ते दोन गोष्टींनी ठरवतं: वारा किती वाहतो आणि हवेचं छत किती उंच आहे. दिवसा ऊन जमिनीला तापवतं, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढते, वरची थंड हवा खाली येते. हे ढवळणं मोकळ्या मैदानी प्रदेशात दुपारपर्यंत दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोचतं. या उंचीला मिश्रण-उंची म्हणतात. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, ढवळणं थांबतं, आणि छत शे-दोनशे मीटरवर येऊन टेकतं. एकच उदबत्ती मंगल कार्यालयात लावली तर वाससुद्धा येत नाही. तीच दार लावलेल्या देवघरात लावली की डोळे चुरचुरतात. शहराचं रोज रात्री असंच मंगल कार्यालयातून देवघर होतं.

मिश्रण-उंचीला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की शहराची हवा किती खेळती आहे याचा अंदाज येतो. दुपारी छत १,५०० मीटरवर आणि वारा सेकंदाला ४ मीटर धरला, तर गुणाकार ६,०००. पहाटे छत १५० मीटरवर आणि वारा सेकंदाला १ मीटर असेल, तर १५०. म्हणजे चाळीसपट फरक, तोही काही तासांत. दिल्लीच्या हवेचा रोजचा अंदाज देताना हाच ६,००० चा आकडा उंबरठा मानतात. गुणाकार त्याहून कमी आणि वारा ताशी १० किलोमीटरच्या आत, म्हणजे धूर पांगायला परिस्थिती प्रतिकूल.

हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री आणखी एक गोष्ट घडते. एरवी वर जावं तशी हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. अशा रात्री मात्र जमिनीलगतची हवा सगळ्यात गार आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, असा उलटा प्रकार होतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही आणि तिच्यातला धूरही तिच्याबरोबर अडकतो. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत हेच झालं. घरोघरी कोळसा जळत होता, पण तो दर हिवाळ्यात जळायचाच. त्या आठवड्यात वारा पडला आणि विपरीतता हटेना. तेव्हा सुमारे ४,००० बळी मोजले गेले. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला.

मुंबईला समुद्र आहे, त्यामुळे लंडनसारखं पाच दिवस कोंडून राहणं इथे सहसा घडत नाही. शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत: दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून मतलई वारे वाहतात. या जोडीच्या जिवावर मुंबईने दशकानुदशकं आपला धूर खपवला. कारखाने वाढले, गाड्या वाढल्या, आणि "आपल्याकडे काय, समुद्र आहे" हे वाक्यही तसंच टिकलं.

या वाक्यात एक गफलत आहे. मतलई वारे शहराचा धूर समुद्रावर नेतात खरे, पण हिवाळ्यात ते इतके मंद असतात की धूर किनाऱ्यापासून फार लांब जात नाही. तो तिथेच तरंगत राहतो आणि दुसऱ्या दिवशी खारे वारे सुरू झाले की त्यातला बराचसा परत येतो. म्हणजे समुद्रावरून येणारी झुळूक दर वेळी ताजी असेलच असं नाही. तिच्यात कालचा शिळा धूर असू शकतो. शिवाय खारे वारे किनाऱ्यावरची हवा साफ करताना तिथली घाण ठाणे-कल्याणकडे ढकलतात. नरिमन पॉइंटला दुपारी मोकळा श्वास मिळतो, त्याची किंमत पूर्वेकडे कुणीतरी मोजत असतं. किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे: समुद्राची हवा थंड असल्यामुळे ती आत शिरली की तिथलं छत फारसं उंच उठत नाही. मुंबईची सगळी मदार वाऱ्यावर आहे, उंचीवर नाही.

म्हणून वारा पडला की मुंबईचं पितळ उघडं पडतं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग जूनमध्ये लागली असती, तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याने धुराचं काय केलं असतं, ही कल्पनाच करून बघावी. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर मुंबईची हवा काही दिवस दिल्लीपेक्षाही वाईट होती. तेव्हा प्रशांत महासागरात 'ला निना', म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडण्याची स्थिती, सलग तिसरा हिवाळा ठाण मांडून होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'सफर' ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी करणारे शास्त्रज्ञ गुफ्रान बेग यांनी त्या हिवाळ्याचा संबंध या ला निनाशी जोडला: मोठ्या पट्ट्यातल्या वाऱ्यांची घडी बदलली, मुंबईकडे जमिनीवरची हवा जास्त आली आणि समुद्राची साफसफाई मंदावली. शहरात त्या वर्षी बांधकामं प्रचंड चालू होती, हेही तितकंच खरं. धूळ आपली, वारा प्रशांत महासागराचा. दोघांची गाठ नेमकी त्या हिवाळ्यात पडली.

पुण्याचं गणित वेगळं आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगटात. हिवाळ्याच्या रात्री टेकड्यांच्या उतारावरची गार, जड हवा खाली उतरून मुळा-मुठेच्या खोऱ्यात साचते. म्हणूनच थंडीत पाषाण किंवा एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) इथलं किमान तापमान शहराच्या पूर्वेकडच्या मगरपट्ट्यापेक्षा कधीकधी चार-पाच अंशांनी कमी असतं. पुणेकर या आकड्यांवरून एकमेकांना थंडीच्या बढाया मारतात. पण जिथे गारवा साचतो, तिथे शेकोटीचा आणि जाळलेल्या पाल्याचा धूरही साचतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आता पावसाबद्दल. पाऊस हवा धुतो हे आपण इतकं गृहीत धरतो की जुलैचं सगळं श्रेय त्यालाच देऊन टाकतो. पडणारा थेंब मोठी धूळ छान टिपतो. पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणाऱ्या कणांपैकी मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागापासून एका मायक्रोमीटरपर्यंतचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून निसटतात. साध्या सरींना ते फारसे सापडत नाहीत. पावसाळ्यातल्या स्वच्छ हवेचं मोठं श्रेय हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचं आहे. आणि वारा नेहमी सज्जनच असतो असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून निघालेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आलं आणि गाड्यांच्या काचांवर पांढुरका थर बसला. त्या दिवशी वारा भरपूर होता. धूळही त्यानेच आणली होती.

आर्द्रतेचीही एक खोडी आहे. हवेतले बरेच कण पाणी शोषतात आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की चांगलेच फुगतात. फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून धूर तेवढाच असला तरी दृश्य अधिक धूसर दिसतं. घरी ठेवायची स्वस्त मापकयंत्रं प्रकाशाच्या विखुरण्यावरच चालतात. दमट पहाटे त्यांचा आकडा फुगलेला असू शकतो.

हीच आर्द्रता उन्हाळ्यात जीव काढते. शरीर घाम गाळून नाही, घाम वाळवून थंड होतं. हवा आधीच ओली असेल, तर घाम नुसता निथळतो. तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर शरीराला ते ३६-३७ अंशांसारखं वाटतं. तापमान ३४ अंश, पण आर्द्रता ६० टक्के असेल, तर ४२ अंशांसारखं. म्हणून हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासून.

मुंबईचा उन्हाळाही पुन्हा त्या खाऱ्या वाऱ्यांवरच अडतो. मार्चमध्ये जमिनीकडचे पूर्वेचे वारे जोरात असले की खाऱ्या वाऱ्यांना आत शिरायला उशीर होतो. रोज अकरा-बाराला येणारी झुळूक दोन-अडीचला आली, की मधल्या तासांत पारा चढत जातो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले. कुलाबा समुद्राला बिलगलेलं असल्यामुळे अशा दिवशी तिथे काही अंश कमी असतात. एकाच शहराचे दोन आकडे बातम्यांत येतात ते यामुळे. हे आकडे सावलीतले, लाकडी झडपांच्या पेटीतल्या तापमापकाचे असतात. उन्हात उभ्या माणसाला त्यावर सूर्याची थेट धग आणि तापलेल्या जमिनीची धग वेगळी सोसावी लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भरदुपारी लाखो लोक बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, विक्रमी मुळीच नव्हता. उष्माघाताने दहाहून अधिक माणसं गेली.

मग घराबाहेर पडायचं कधी? डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहा ते आठ ही फिरायला जायची लाडकी वेळ; छत सगळ्यात खाली आणि वारा सगळ्यात मंद असतो तोही तेव्हाच. शक्य असेल त्याने दुपारी तीन ते पाच निवडावी. एप्रिल-मेमध्ये उलट: दुपारी ऊन आहेच, शिवाय त्याच उन्हात गाड्यांच्या धुरापासून श्वासाला त्रासदायक ओझोन वायू तयार होतो, म्हणून पहाट बरी. यासाठी एक्यूआयचा (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा) एकच आकडा बघून भागत नाही, कारण सूक्ष्म कणांसाठी तो २४ तासांची सरासरी असतो. सकाळचे वाईट तास आणि दुपारचे बरे तास त्यात एकत्र कालवलेले असतात. तासातासाचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, ते बघावेत.

फटाक्यांच्या वेळेबद्दलही हेच म्हणता येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रात्री ८ ते १० एवढेच वाजवायची मुभा दिली. आवाज आणि झोप यांचा विचार केला तर वेळ रास्त आहे. पण दिवाळी येते ती मोसमी वारे परतल्यावर, आणि आठ वाजेपर्यंत छत खाली आलेलं असतं. नरकचतुर्दशीच्या पहाटेची हौस तर त्याहून अवघड तासात येते. निव्वळ हवेच्या हिशोबाने कमी त्रासाची वेळ दुपारी तीनची, खारे वारे जोरात असतानाची. तेव्हा फटाके लावायला कुणाचीच तयारी नसेल, हे उघड आहे.